सणासुदीच्या दिवसांत लिलाव थंडावतात तेव्हा छोट्या विक्रेत्याने काय करावे?

कार्डवाला_एडिसन · ७ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो आणि नोकरी सांभाळून ईबे या ऑनलाइन लिलाव-विक्रीच्या संकेतस्थळावर जुनी पोस्टकार्डे, टपाल तिकिटे आणि शिक्के बसलेली जुनी पाकिटे विकतो. माल बहुतेक एस्टेट सेलमधून मिळतो, म्हणजे घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर वारसांनी काढलेल्या विक्रीतून. थोडाफार तिकीट-संग्राहकांच्या मेळाव्यांतून येतो. माझी पद्धत ठरलेली आहे. रविवारी संध्याकाळी सात दिवसांचे लिलाव लावायचे, सुरुवातीची बोली ९९ सेंट ठेवायची आणि पुढच्या रविवारी रात्री ते संपू द्यायचे. वर्षातले बहुतेक महिने यावर माझे बरे भागते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र हाच क्रम अंगावर येऊ लागला आहे. मुंबईच्या ज्या जुन्या छायाचित्र-पोस्टकार्डांसाठी एरवी तीन-चार संग्राहकांत चुरस होते, त्यांवर आता एकच बोली येते आणि कार्ड ९९ सेंटला हातचे जाते. २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग झाले, सोमवारी सायबर मंडे हा ऑनलाइन सवलतींचा दिवस झाला, आणि साऱ्या देशाने खरेदीसाठी कंबर कसलेली असताना माझ्या दारात शुकशुकाट आहे. लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तूचे पान, पाहणाऱ्यांचा आकडा पूर्वीइतकाच दिसतो, पण पाहणारे बोली लावत नाहीत.

माझ्यापुढे तीन वाटा दिसतात. भाव आणखी उतरवावेत, पैसे देऊन लिस्टिंगची जाहिरात वाढवावी, किंवा जानेवारीपर्यंत विक्री सरळ बंद ठेवावी. यांपैकी काय करावे, की चौथीच काही वाट आहे? ज्यांनी असे काही डिसेंबर पाहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

ट्रेंटनकर · ७ डिसेंबर २०२५

कार्डवाले, तुमच्या पहिल्या दोन वाटा मला मान्य नाहीत आणि तिसरी अर्धीच मान्य आहे. कारण सांगतो, आणि ते जरा लांबण लावून सांगावे लागेल.

डिसेंबरात खरेदी करणारा माणूस स्वतःसाठी खरेदी करत नसतो. त्याला २४ तारखेच्या आत वस्तू घरात हवी असते, ती नवी किंवा नव्यासारखी हवी असते आणि नको झाल्यास परत करता आली पाहिजे, अशीही त्याची अपेक्षा असते. आता तुमचा आज रात्री लावलेला लिलाव घ्या. तो १४ तारखेला रात्री संपेल. जिंकणाऱ्याला पैसे भरायला चार दिवसांची मुभा असते, त्यामुळे पैसे कदाचित १८ तारखेला येतील. नाताळपूर्वी पोहोचावे म्हणून साध्या ग्राउंड सेवेने पाठवायच्या पार्सलांसाठी टपाल खात्याने सुचवलेली तारीख १७ डिसेंबरच्या आसपास असते, म्हणजे ती तोवर उलटून गेलेली असेल. शिवाय आपण जिंकू की नाही हे त्या माणसाला आठवडाभर कळणार नसते. मेहुण्याला द्यायच्या भेटीसाठी कोण एवढा जीव टांगणीला लावील? तेव्हा तुमच्या मालाचे मोल घटलेले नाही. सात दिवसांचा लिलाव हा प्रकारच या महिन्याच्या गरजेशी जुळत नाही.

हे एकट्या डिसेंबरचेही नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये पियर ओमिड्यार यांनी ईबे हे संकेतस्थळ ऑक्शनवेब या नावाने सुरू केले तेव्हा तेथे लिलावाखेरीज दुसरे काही नव्हते. ‘बाय इट नाऊ’ची, म्हणजे ठरलेल्या किमतीला लगेच विकत घेण्याची, सोय २००० साली आली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठरलेल्या किमतीच्या विक्रीने लिलावाला मागे टाकले. लिरन एइनाव, जोनाथन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला तेव्हा या बदलामागे ग्राहकांची आवड पालटणे हे मोठे कारण असल्याचे त्यांना आढळले. लिलावात भाग घेण्याची गंमत ओसरली आणि सोय महत्त्वाची ठरू लागली. दुर्मीळ, जिच्या किमतीचा अंदाज विक्रेत्यालाही नाही अशा वस्तूला लिलाव आजही योग्य आहे, कारण तेथे किंमत शोधण्याचे काम बोली लावणारेच करतात. पण त्यासाठी निदान दोन भिडू एकाच वेळी हजर असावे लागतात, आणि डिसेंबरात नेमके तेच जमत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की चांगली कार्डे लिलावातून काढून घ्यावीत. जी विकली नाहीत तरी चालेल, ती मनासारख्या किमतीला ‘बाय इट नाऊ’वर, घासाघिशीची सोय उघडी ठेवून लावावीत आणि त्यांच्याकडे रोज डोकावू नये. खरोखर उत्तम असतील ती पेटीत ठेवावीत. कागद नासत नाही, त्याला खायला घालावे लागत नाही, आणि एकच बोली आलेल्या लिलावात गेलेले कार्ड काही परत येत नाही. जाहिरातीवर मात्र एक सेंटही घालू नका. पाहणारे पुरेसे आहेत हे तुम्हीच लिहिले आहे. मग आणखी पाहणारे विकत घेऊन काय साधणार?

---

खलबत्ता · ८ डिसेंबर २०२५

ट्रेंटनकरांचे विवेचन कागदी मालाला लागू आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण मी पितळेच्या आणि तांब्याच्या जुन्या भारतीय वस्तू विकते : समया, पानदाने, वजने, डबे आणि अडकित्ते. अडकित्त्यांना पाश्चात्त्य संग्राहकांत चांगली मागणी आहे. येथील एस्टेट सेलमध्ये मात्र ते अक्रोड फोडायचे चिमटे म्हणून एखाद्या टोपलीत पडलेले असतात, आणि आपल्या माणसाला ते दुरूनच ओळखू येतात.

अशा वस्तू भेट म्हणून जातात, त्यामुळे माझी विक्री नोव्हेंबरात वाढते आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम थांबते. ऑक्टोबरपासूनच मी लिलाव बंद करून सारे काही ठरलेल्या किमतीला लावते, आणि किती दिवसांत पार्सल टपालात पडेल ते ठळकपणे लिहिते. पूर्वी मी ‘अस्सल’, ‘दुर्मीळ’, ‘वसाहतकालीन’ असली विशेषणे भरत असे. त्यांची जागा आता वजन, उंची, धातू आणि पाठवण्याचा दिवस यांनी घेतली आहे. भेट शोधणाऱ्याला वस्तूच्या इतिहासापेक्षा ती वेळेवर येईल ना, ही काळजी जास्त असते.

कार्डवाल्यांनी आणखी एक विचार करावा. सणाचा माल सणाच्या बराच आधी विकला जातो. जर्मनीत छापलेली, उठावाची नक्षी असलेली नाताळची जुनी कार्डे तुमच्याकडे नक्की येत असतील. त्यांचे संग्राहक सप्टेंबरात जागे होतात आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत त्यांची खरेदी आटोपलेली असते. हॅलोविनच्या कार्डांची गाडी तर त्याहून आधी सुटते. आता नाताळची कार्डे लावण्यात अर्थ नाही. ती बांधून ठेवावीत आणि डब्यावर पुढच्या वर्षीचा महिना लिहून टाकावा.

---

मोडीप्रेमी · ८ डिसेंबर २०२५

एक भाबडी शंका. सुरुवातीची बोलीच जास्त ठेवली, समजा ९९ सेंटऐवजी दहा डॉलर, तर लिलाव चालू ठेवूनही नुकसान टळणार नाही का?

---

आकडेमोड · ८ डिसेंबर २०२५

शंका भाबडी नाही. आधी ९९ सेंटच्या विक्रीत हातात काय उरते ते मांडू. कार्ड ९९ सेंटला गेले आणि टपालापोटी दीड डॉलर घेतला, म्हणजे २.४९ डॉलर आले. ईबेचे शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. ते टपालखर्च आणि विक्रीकर धरून होणाऱ्या एकूण रकमेवर लागते. बहुतेक प्रकारांत ते १३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यावर लहान ऑर्डरमागे ३० सेंट वेगळे. हे सुमारे ६५ सेंट झाले. तिकीट, पाकीट, पुठ्ठा आणि प्लास्टिकची पिशवी यांना सव्वा डॉलर धरा. उरले ५९ सेंट. कार्ड तुम्हाला ५० सेंटला पडले असेल तर नफा ९ सेंट. यात छायाचित्र काढणे, वर्णन लिहिणे आणि टपाल कार्यालयात जाणे यांची मजुरी धरलेलीच नाही. एवढ्या व्यवहारातून फार तर एक चांगला अभिप्राय मिळेल.

आता दहा डॉलरच्या सुरुवातीविषयी. ९९ सेंटची कल्पना अशी असते की स्वस्ताई पाहून पाच-सहा जण आत शिरतात, एकाची बोली पाहून दुसऱ्याला भरवसा येतो आणि कार्ड आपल्या योग्य भावापर्यंत चढते. गर्दी असेल तेव्हा हे घडतेही. गर्दी नसेल तेव्हा कमी सुरुवात म्हणजे उघडे दार, आणि जास्त सुरुवात म्हणजे ठरलेल्या किमतीचीच विक्री, फक्त सात दिवस ताटकळत ठेवणारी. दहा डॉलर मिळाल्यास समाधान असेल तर सरळ चौदा डॉलर किंमत लावून घासाघीस करू द्या. निदान घेणाऱ्याला लगेच घेता येईल. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकली जाणार नाही अशी किंमत, ठेवण्याची सोय आहे, पण तिचे वेगळे शुल्क पडते आणि स्वस्त मालाला ते परवडत नाही.

विषय निघालाच आहे तर वर्षअखेरीचा एक मुद्दा. विक्री मंद आहे म्हणून ३१ डिसेंबरच्या आत माल फुंकून टाकावा, म्हणजे करात फायदा होईल, असे काही जण सांगतात. न विकलेल्या मालाची खरेदी-किंमत साधारणपणे तो माल विकला जातो त्या वर्षी वजा करता येते, हे खरे आहे. पण पाच डॉलरची वस्तू एका डॉलरला विकून चार डॉलरच्या तोट्यावर कराचे काही सेंट वाचवणे, हा कोणता हिशेब? १०९९-के या विवरणाची, म्हणजे ईबेसारख्या मंचाने आपल्या विक्रीची रक्कम करखात्याला कळवण्याची, मर्यादाही जुलै २०२५ च्या कायद्याने पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी झाली आहे; मधल्या काळात ती ६०० डॉलरवर आणण्याचे ठरले होते आणि अनेकांनी त्याचा धसका घेतला होता. विवरण आले नाही तरी नफा करपात्रच राहतो, एवढे लक्षात ठेवावे. डिसेंबरचा मोकळा वेळ पेटीतल्या मालाची यादी आणि खरेदीच्या पावत्या जुळवण्यात घालवलात तर एप्रिलमध्ये स्वतःलाच दुवा द्याल.

---

पुणेरी_पाकीट · ९ डिसेंबर २०२५

मी पुण्यातून लिहितो आहे. येथे ईबेची भारतीय शाखा ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे देशातल्या देशात लिलाव करायचा तर आम्ही फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या संग्राहकांच्या गटांकडे वळलो. परदेशी ग्राहकांसाठी मात्र अजूनही ईबेच आहे. माझा माल म्हणजे प्रथम-दिवस पाकिटे (नवे तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का बसलेली), काडेपेट्यांची लेबले आणि संस्थानांची तिकिटे.

आमच्याकडचे मंदीचे पंचांग निराळे आहे. पितृपक्षात नवी खरेदी करायची नाही असे मानणारे गिऱ्हाईक आजही आहे, आणि मार्चअखेरीस सगळ्यांचाच खिसा आवळलेला असतो. दुकानदार जसे पितृपक्षात विक्रीची आशा न धरता फडताळे पुसून घेतात, तसेच डिसेंबराकडे तुम्ही पाहावे असे मला वाटते. आमच्या गटांवरच्या लिलावांत एक चांगला नियमही असतो : शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर मुदत वाढते. त्यामुळे दोनच जण असले तरी दोघांनाही मनापर्यंत जाता येते.

यंदाचे वर्ष आम्हा निर्यात करणाऱ्यांना मंदीपेक्षा धोरणाने जास्त छळले. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत जी आयात-शुल्काची सूट होती, ती २९ ऑगस्टपासून संपली, आणि आपल्या टपाल खात्याने त्याच सुमारास अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. परदेशातल्या आपल्या लोकांनी दिवाळीसाठी जे मागवायचे ते तोवर दुसरीकडून घेतले होते. या अडचणीचा कार्डवाल्यांना उलट फायदा व्हावा, कारण भारतविषयक माल त्यांच्याकडे अमेरिकेतच आहे आणि घेणाऱ्याला सीमाशुल्काची धास्ती नाही. वर्णनात पहिल्याच ओळीत ‘न्यू जर्सीहून रवाना’ असे लिहावे.

---

नाणेवेडा_कोल्हापूर · ९ डिसेंबर २०२५

पुणेरी_पाकीट, तुमच्या माहितीबद्दल आभार. माझ्याकडे आजोबांच्या वेळच्या शिवराया आणि १९११ सालचा, हत्तीच्या जागी डुक्कर दिसते म्हणून गाजलेला रुपया आहे. इकडे सध्या मागणी नाही. अमेरिकेतल्या या हंगामात तुमच्यासारखे तेथे विकता येतील का?

---

पुणेरी_पाकीट · ९ डिसेंबर २०२५

दादा, ते अजिबात करू नका. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांना हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शिवराई तर उघडच जुनी, आणि १९११ चा रुपयाही आता त्या मर्यादेत आला. मंदी आहे म्हणून बाजार बदलायचा तर देशातल्या देशात बदला. नाण्यांची प्रदर्शने आणि नोंदणीकृत लिलावगृहे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

---

रात्रीचा_बोलीदार · १० डिसेंबर २०२५

येथे सगळे विक्रेतेच बोलत आहेत, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मी कॅलिफोर्नियात असतो आणि मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची शिळाछाप चित्रे आणि मुंबई-पुण्याची जुनी पोस्टकार्डे जमवतो. कदाचित कार्डवाल्यांची काही कार्डे माझ्याच भिंतीवर असतील.

पाहणारे आहेत पण बोली नाही, याचा अर्थ इच्छा नाही असा घेऊ नका. मुरलेला संग्राहक लवकर बोली लावतच नाही. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो, मुदत वाढत नाही, म्हणून आपली बोली शेवटच्या काही सेकंदांत टाकणे शहाणपणाचे ठरते. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ सालीच यावर लिहिले आहे. ॲमेझॉनवर तेव्हा जे लिलाव होत, त्यांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आल्यास मुदत वाढत असे आणि तेथे शेवटच्या क्षणीची धावपळ बरीच कमी आढळली. पुणेरी_पाकीट यांच्या गटातला नियम तोच आहे. आता विचार करा, माझ्यासारखा जो अखेरच्या दहा सेकंदांवर विसंबलेला आहे, तो डिसेंबरातल्या रविवारी रात्री कोठे असतो? कोणाकडे तरी जेवायला, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला किंवा विमानतळावर. काही जण त्यासाठी सॉफ्टवेअर वापरतात, पण सगळे नाही.

विमानतळाचे तर विशेष सांगायला हवे. भारतविषयक कार्डांचे आम्ही जे घेणारे आहोत, त्यांतले अनेक जण मुलांच्या सुटीत भारतात जातात. जाण्याआधी दोन आठवडे आम्ही काही मागवत नाही, कारण रिकाम्या घराच्या दारात पार्सल पडून राहिले तर चोरीला जाते. परत येतो ते जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, जेट लॅगने पहाटे तीनला जागे आणि हातात फोन. त्या वेळी तुमचे लिलाव चालू असावेत, अशी माझी स्वार्थी सूचना आहे.

ट्रेंटनकरांशी एका बाबतीत मात्र मतभेद आहे. डिसेंबरात सारेच पेटीत घातले तर आम्ही तुम्हाला विसरून जातो. रोज ठरावीक शब्दांचा शोध घेणारे लोक आहेत. त्यांना तुमचे नाव अधूनमधून दिसत राहिले पाहिजे. थोडा माल चालू असू द्या.

---

ट्रेंटनकर · १० डिसेंबर २०२५

बोलीदारांचा शेवटचा मुद्दा मान्य. ठरलेल्या किमतीचा माल चालू ठेवावा हे मी म्हटलेच होते. मध्यम प्रतीची थोडी कार्डेही सोबत असू द्यावीत.

रविवार रात्रीविषयी मात्र मला आणखी काही सांगायचे आहे, कारण कार्डवाल्यांची सारी पद्धत तिच्यावर उभी आहे. रविवारी संध्याकाळी घेणारे सर्वांत जास्त असतात म्हणून सगळे विक्रेते आपले लिलाव त्याच वेळी संपवतात. उरी सायमनसोन यांनी डीव्हीडींच्या लिलावांचा अभ्यास करून २०१० साली दाखवून दिले की गर्दीच्या वेळी संपणारे लिलाव घेणाऱ्यांच्या मानाने फार जास्त असतात आणि त्यामुळे त्या वेळी विक्रीची शक्यता आणि किंमत दोन्ही घसरतात. घेणाऱ्यांची गर्दी सगळे मोजतात, आपल्याच धंद्यातल्या लोकांची कोणी मोजत नाही. पोस्टकार्डे डीव्हीडींसारखी एकसारखी नसतात, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मंगळवारी किंवा बुधवारी रात्री लिलाव संपवून पाहायला काही खर्च पडत नाही. पॅसिफिक वेळेप्रमाणे सात वाजता म्हणजे आपल्याकडे रात्री दहा. दोन्ही किनाऱ्यांवरची माणसे जागी असतात.

नाताळ ते नववर्ष या आठवड्याबद्दल दोन मते आहेत. काहींना तो उत्तम वाटतो, कारण माणसे घरी रिकामी बसलेली असतात, हातात भेटीदाखल मिळालेले पैसे असतात आणि आता स्वतःसाठी काही घ्यावे असे वाटू लागते. मला स्वतःला २६ डिसेंबरनंतर ठरलेल्या किमतीची विक्री वाढलेली जाणवते, लिलावांची नाही. वस्तू पाहणाऱ्यांना तुम्ही सवलतीची ऑफर पाठवू शकता; त्यासाठी २६ ते ३० हे दिवस चांगले. १०-१५ टक्क्यांहून जास्त सूट देऊ नका. त्याहून खाली गेलात की पुढच्या वेळी गिऱ्हाईक डिसेंबराचीच वाट पाहत बसते.

---

खलबत्ता · ११ डिसेंबर २०२५

सूट देण्याऐवजी जोड लावून पाहा. दोन-तीन कार्डे एकाच पाकिटात पाठवली तर टपालखर्च जवळजवळ तेवढाच पडतो, आणि आकडेमोड यांनी दाखवलेला नऊ सेंटचा प्रकार टळतो. एका गावाची, एका पुलाची किंवा एकाच छायाचित्रकाराची कार्डे एकत्र बांधली की घेणाऱ्यालाही संच मिळाल्याचे समाधान असते. माझ्याकडे सुट्या वजनांना कोणी विचारत नव्हते. चढत्या क्रमाने जुळवलेला संच मात्र जाहिरातीशिवाय गेला.

---

कार्डवाला_एडिसन · २९ डिसेंबर २०२५

सर्वांनी वेळ काढून लिहिले त्याबद्दल आभारी आहे. मधल्या काळात काय केले ते नोंदवतो. लिलाव थांबवले, जाहिरातीचा विचार सोडून दिला आणि मुंबईची मध्यम प्रतीची कार्डे ठरलेल्या किमतीला, स्थळाप्रमाणे संच करून लावली : बोरीबंदर, अपोलो बंदर, मलबार हिल. नाताळपर्यंत शांतताच होती. २६ तारखेनंतर पाहणाऱ्यांना दहा टक्के सवलतीची ऑफर पाठवली तेव्हा बोरीबंदरचे आणि मलबार हिलचे संच गेले, आणि एका इंग्लंडमधील ग्राहकाने दोन संच एकत्र पाठवाल का अशी विचारणा केली. एरवीच्या महिन्याइतकी रक्कम अर्थातच झाली नाही, पण विकले त्यातले काहीही पडत्या भावात गेले नाही. अपोलो बंदरचा संच कोणी का घेतला नाही हे मला उमगलेले नाही. कार्डे तर त्यातलीच जास्त देखणी आहेत.

मोकळ्या वेळात मालाची यादी लिहिली. त्यात नाताळची कार्डे वेगळी काढताना व्हॅलेंटाइनची बरीच जुनी कार्डे सापडली. आता जानेवारीत आधी काय लावावे, आणि उत्तम कार्डांचे लिलाव नेमके कधी संपवावेत?

---

ट्रेंटनकर · २९ डिसेंबर २०२५

व्हॅलेंटाइनची कार्डे १ जानेवारीलाच लावा, ठरलेल्या किमतीला. संग्राहक महिनाभर आधी घेतात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे पुन्हा टपालाच्या तारखेचे तेच गणित सुरू होते. मुंबईच्या उत्तम कार्डांचे लिलाव बोलीदारांच्या म्हणण्याप्रमाणे भारतवाऱ्या आटोपल्यावर, जानेवारीच्या मध्यानंतर संपतील असे लावा. सगळी एकाच रात्री सोडू नका. एकाच संग्राहकाला चार कार्डे हवी असतील तर त्याच्या खिशाला दोन आठवडे मिळू द्या. फेब्रुवारीत करपरतावे येऊ लागतात, तेव्हा सर्वांत महागडे कार्ड त्या सुमारास ठेवायला हरकत नाही. मात्र ८ फेब्रुवारीचा रविवार टाळा, त्या संध्याकाळी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना आहे.

अपोलो बंदरच्या संचाचे छायाचित्र मी पाहिले. पहिल्या कार्डाचा कोपरा दुमडलेला दिसतो आणि तेच कार्ड तुम्ही सर्वांत पुढे ठेवले आहे. क्रम बदलून पाहा.

---

रात्रीचा_बोलीदार · ३० डिसेंबर २०२५

क्रम बदलण्याची गरज नाही. अपोलो बंदरचा संच मी आत्ताच घेतला. मी १० जानेवारीला घरी पोहोचेन, तोवर पार्सल पाठवू नये ही विनंती.

---

कार्डवाला_एडिसन · ३० डिसेंबर २०२५

पैसे पोहोचले. तोवर थांबलो तर ठरलेल्या मुदतीत पार्सल रवाना केले नाही अशी नोंद माझ्या खात्यावर होईल. म्हणून आज पाठवतो, पण तुम्ही तुमच्या टपाल कार्यालयाला १० तारखेपर्यंत टपाल रोखून ठेवण्याची विनंती ऑनलाइन करून ठेवा, म्हणजे ते दारात पडणार नाही.